एकतीस नाकं आणि एकच गॉगल

नागापूर एमआयडीसी, नगर
मंगळवार, जेवणाची सुट्टी

ती. सौ. कृपाताईस,

धाकट्या थॉमसचा सप्रेम सलाम. दाजींनाही सलाम सांग. त्यांचा गुडघा आता कसा आहे, चर्चच्या पायऱ्या चढताना अजून कठड्याला धरतात का, माईला भाकरी चावते का की अजून दुधात कुस्करून देतेस, हे सगळं सविस्तर कळव. इथे आम्ही देवाच्या दयेने बरे आहोत. तुझ्या भावजयीला थोडी सर्दी आहे, पण ती आइस्क्रीमची आहे, तिच्यात देवाला ओढायला नको. माझं वजन दोन किलोनं उतरलंय. एंजेला म्हणते बरं झालं, मला मात्र ते काळजीनं उतरल्यासारखं वाटतं.

फोनच केला असता. पण तुझा फोन स्पीकरवर असतो, माई शेजारीच बसलेली असते, ती अर्धं ऐकते आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेलापुरात पूर्ण करून सांगते. (मागे मी फक्त 'खांदा दुखतोय' म्हणालो होतो, तर रविवारी पाळकसाहेबांनी माझ्यासाठी जाहीर प्रार्थना घेतली.) म्हणून आमच्या ट्रॉलीचे हुक घेऊन श्रीरामपूरला जाणाऱ्या टेम्पोबरोबर हे पत्र धाडतोय. पाकीट माईसमोर फोडू नकोस. घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे होतं, पण निभावलं.

तुला माहीतच आहे की चार महिन्यांपूर्वी मला वर्कशॉपमध्ये सुरक्षा प्रमुख केलं. आधीचा गडी रांजणगावला मोठ्या कंपनीत गेला आणि आमच्या मालकीणबाई, राजेश्वरी मॅडम, नवा माणूस शोधायला शॉपमध्ये फिरल्या. त्या क्षणी डोक्यावर हेल्मेट असलेला मी एकटाच होतो. (माझ्या मशीनच्या वर कबुतरांची बैठक आहे, म्हणून मी ते घालतो. पण हे सांगायची संधीच मिळाली नाही.) त्या दिवसापासून एकतीस माणसांच्या बासष्ट डोळ्यांचा, तीनशे दहा बोटांचा आणि तितक्याच पायाच्या बोटांचा भार माझ्यावर आला. तू म्हणशील बोटं कशाला मोजलीस. ताई, मोजली जातात. पहिल्या आठवड्यात मी दर संध्याकाळी गेटवर उभा राहून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचे हात बघत होतो, तेव्हा लोकांना वाटलं मी चोरी पकडायला उभा आहे.

पण बोटांचं राहू दे, खरी गोष्ट डोळ्यांची. आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीचे हुक बनतात. कापलेल्या लोखंडाची धार ग्राइंडरवर घासायची, म्हणजे ठिणग्या आणि लोखंडाचा चुरा. त्यासाठी प्रत्येकाला सेफ्टी गॉगल दिलेला आहे आणि 'गॉगल मिळाला' अशी सही रजिस्टरमध्ये घेतलेली आहे. सह्या सगळ्यांच्या होत्या. गॉगल मात्र कुणाच्या खिशात, कुणाच्या गळ्यात, आणि मिरजगावच्या बन्सीच्या कपाळावर. एका सोमवारी बन्सीच्या डोळ्यात कण गेला. त्याला टेम्पोत घालून डोळ्याच्या दवाखान्यात नेताना वाटेत मी मोठ्यानं स्तोत्र म्हणत होतो आणि बन्सी एका हातानं डोळा धरून दुसऱ्या हातानं मला थोपटत होता. कण वरवरच होता, डॉक्टरांनी काढला, पट्टी बांधली, दोन दिवसांत उघडली. दवाखान्यातून बाहेर पडताच मी त्याला विचारलं, गॉगल कुठे होता?

"व्हता की सायेब. कपाळावर व्हता."

"मग काय उपयोग?"

"कपाळाला कायबी झालं न्हाई," बन्सी म्हणाला.

मी भयंकर चिडलो. म्हणजे आतून चिडलो, बाहेरून माझा आवाज फक्त पातळ होतो हे तुला ठाऊक आहे. बन्सीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातला स्वतःचा गॉगल माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "तुमी येक तास घाला. ग्राइंडरपाशी हुबं ऱ्हावा. मंग बोला."

ताई, मी घातला. तासाचं सोड, वीस मिनिटांत माझे दोन्ही कान आपले राहिले नाहीत. दांड्या कानांमागे अशा रुतल्या की डोकं कुणीतरी पक्कडीत धरल्यासारखं झालं. घाम आला तसा गॉगल घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला आणि वरून डोळे उघडे. वर ढकलला की आत वाफ धरायची. वाफेतून मला समोर एक उंच माणूस दिसला, त्याला मी 'बाजूला व्हा, गॉगल घाला' म्हणून दोनदा बजावलं. तो गॅसचा सिलिंडर होता. त्या दिवशी मला कळलं की आपली माणसं बेपर्वा नाहीत. त्यांना समोरची ठिणगी बघायची की गॉगलमधली वाफ, यातलं एक निवडावं लागत होतं, आणि त्यांनी ठिणगी निवडली होती.

मग मला प्रश्न पडला की एकतीस माणसांना एकाच मापाचा गॉगल कसा? चपला आपण मापाच्या घेतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी व्हर्नियर घेऊन बसलो (लोखंडाची जाडी मोजायचं ते हत्यार, केसाएवढा फरक दाखवतं) आणि एकेकाचं नाक मोजायला सुरुवात केली. नाकाची रुंदी, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं अंतर, गालाचं हाड. त्या हत्याराचे गार जबडे नाकाला लागले की भले भले गडी डोळे मिटून घ्यायचे. चांगुणाबाई आमच्याकडे हुकांची राहिलेली धार कानशीनं घासून काढायच्या कामाला आहेत, साठीला टेकल्या असतील. त्यांच्या नाकाला मी जबडे लावले तशा त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्सं संसार झाला, पन मालकानं सुदिक माजं नाक कदी मोजलं न्हाई. किती भरलं?" मी आकडा सांगितला. तो त्यांनी दिवसभर सगळ्यांना सांगितला, आणि बाकीचे आपला आकडा विचारायला परत रांगेत आले.

सगळ्यात अवघड चेहरा कानिफनाथचा. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तरुणपणी तालमीत होता, आता पन्नाशी ओलांडली तरी चेहरा परातीएवढा. त्याच्या चेहऱ्यावर आमच्या गॉगलच्या दांड्या उघड्या फाटकासारख्या बाहेर जायच्या आणि कानापर्यंत पोचायच्याच नाहीत. तो माप द्यायलाही तयार नव्हता. म्हणाला, "पंचवीस वरीस घासतुय सायेब. ठिनगी मला वळखती." यावर काय बोलावं हे मी घरी येऊन एंजेलाला विचारलं, तर तिलाही सुचलं नाही, आणि तिला सुचलं नाही म्हणजे किती अवघड प्रसंग होता हे तू समज.

पुढचे दोन आठवडे मी जे उपद्व्याप केले ते लिहायला लाज वाटते, पण सख्ख्या बहिणीपासून काय लपवायचं. गरम पाण्यात प्लॅस्टिक मऊ होतं म्हणून मी आठ गॉगलच्या दांड्या वाकवायला उकळत्या पाण्यात धरल्या. पाणी चहाच्या पातेल्यातलं होतं. दांड्या वाकल्या, पण प्रत्येक वेगळ्या दिशेला, आणि त्यानंतरच्या चहाला तीन दिवस रबरी चपलेची चव होती. गॉगलवाल्या दुकानदाराला फोनवर विचारलं तर तो ओरडलाच, की असं भाजून-उकळून काच कमजोर पडते, हे गॉगल आता कुणाला देऊ नका. मी ते आठही गॉगल माझ्या हातानं मोडून टाकले, आणि कुणी कचऱ्यातून उचलून जोडून घालेल की काय या धास्तीनं संध्याकाळी परत जाऊन आणखी बारीक मोडले.

मग साबण. काचेला आतून भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलं की वाफ धरत नाही, असं मला एकानं सांगितलं. खरंच आहे ते. फक्त एक थेंब पाण्यात घालायचा असतो आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं असतं, हे त्यानं सांगितलं नाही, की मी ऐकलं नाही. मी सगळ्यांना बाटलीतला साबण तसाच फासला. अर्ध्या तासात घाम सुटला, घामाबरोबर साबण डोळ्यांत उतरला, आणि शॉपमधली वीसबावीस माणसं ओक्साबोक्शी रडायला लागली. नेमका त्याच वेळी जामखेडचा एक ट्रॉलीवाला हुकांची ऑर्डर घेऊन दारात आला. त्यानं आत बघितलं. मशीनं बंद, बाया पदरानं डोळे पुसतायत, बाप्ये नाकं ओढतायत. बिचाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि अगदी हळू आवाजात चांगुणाबाईंना विचारलं, "कोन गेलं?"

चांगुणाबाईंना नीट बोलताही येत नव्हतं. त्या हुंदका देत म्हणाल्या, "साबन."

"साबने?" तो म्हणाला. "आरारारा. कवा?"

"आत्ताच," चांगुणाबाई म्हणाल्या, "समद्यांच्या डोळ्यात."

तो तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि साबणे फार भला माणूस होता असं सांगून पाच मिनिटं खाली मान घालून बसला. मॅडमनी हजेरीचं रजिस्टर काढून दोनदा तपासलं. साबणे नावाचा कामगार आपल्याकडे कधी होता, तो कशानं गेला आणि आपल्याला कुणी कळवलं कसं नाही, या विचारानं त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या बाहेर आल्या तेव्हा मी नळाखाली चौघांचे डोळे एकाच वेळी धूत होतो.

ताई, त्या क्षणी मला वाटलं की आता आपली नोकरी गेली. मी सगळं खरं सांगून टाकलं, नाकाच्या मापांसकट. मॅडमनी कपाटातून एक कोरा गॉगल काढला, डोळ्यांवर चढवला आणि केबिनमध्ये जाऊन काम करत बसल्या. मी काचेबाहेर उभा. एकदा त्यांनी तो वर ढकलला. परत ढकलला. मग कानांमागे हात नेला. पाऊण तासानं त्या बाहेर आल्या तेव्हा कान लाल झाले होते आणि नाकावर दोन खळगे पडले होते.

"थॉमस, हा गॉगल कुणी पसंत केला होता?" त्यांनी विचारलं.

आता तो त्यांनीच पसंत केला होता. कॅटलॉगमधला फोटो बघून. फोटोत एक गोरा माणूस तो घालून हसतो आहे. मी म्हणालो, "मॅडम, त्या फोटोतल्या माणसाचं नाक आपल्या शॉपमध्ये कुणाचंच नाही." एवढं बोलून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मॅडम माझी मापांची वही मागत होत्या.

आठ दिवसांत त्यांनी दुकानदाराला शॉपमध्येच बोलावलं. तीन मापांचे गॉगल आले. नाकावर मऊ रबर, दांड्या मागे-पुढे सरकवून कानाच्या मापाच्या करता येतात, आतून वाफ न धरणारी काच. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांना नंबरचेच सेफ्टी गॉगल मिळावेत म्हणून एक दिवस डोळे तपासणाराही आला. सगळ्यांनी आरशासमोर उभं राहून हवे ते निवडले. बन्सीनं मान खाली घालून, झटकून, उड्या मारून बघितलं आणि म्हणाला, "आता बसलाय." चांगुणाबाईंनी सगळ्यात लहान मापाचा घेतला आणि मला सांगितलं की कानावर काही ठेवलंय असं कळतच नाही. मी चार वेळा परत विचारलं. चौथ्यांदा त्या रागावल्या.

राहिला कानिफनाथ. मोठ्या मापाच्या दांड्या पूर्ण ताणून त्याच्या कानाला जेमतेम टेकल्या. दुकानदारानं मागून बांधायचा पट्टा दिला, तेव्हा कुठे गॉगल गालाला फट न ठेवता बसला. कानिफनाथ आरशासमोरून बाजूला झाला आणि त्यानं गॉगल काढून खिशात घातला. मी दिवसातून आठ-आठ वेळा त्याच्यापाशी जायचो. नुसता उभा राहायचो. तिसऱ्या दिवशी त्यानं ग्राइंडर बंद केला आणि म्हणाला, "सायेब, माजी आयबी येवढी काळजी करत नव्हती. तुमी जाता का, घालतो." आणि त्यानं घातला. रागानं घातला, पण पट्टा नीट मागे ओढून घातला.

हे झालं बुधवारी. गुरुवारी सव्वाअकराला मी स्टोअरमध्ये हातमोजे मोजत होतो, तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. ग्राइंडरचं चाक फुटलं होतं. मी बाहेर आलो तर कानिफनाथ दोन्ही हात तोंडावर घेऊन उभा. बोटांच्या फटीतून रक्ताची एक धार मनगटापर्यंत आलेली. मी धावत गेलो असं मला वाटतं. चांगुणाबाई म्हणतात मी होतो तिथेच खाली बसलो. काही असो, मी त्याच्याजवळ पोचलो तेव्हा बन्सी त्याचे हात बाजूला करत होता.

गॉगल जागेवर होता, ताई. तसूभरही हललेला नव्हता. उजव्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, चांदणीसारखी भेग पडली होती. रक्त गालाचं होतं, काचेच्या खालच्या कडेबाहेर एक ओरखडा. कानिफनाथनं डावा डोळा मिटला आणि त्या भेगेतून माझ्याकडे बघितलं.

"सायेब, तुमी तीन दिसताय," तो म्हणाला.

मग तो ऑइलच्या ड्रमवर बसला. त्याला पाणी दिलं तर पेल्यातलं अर्धं पाणी त्याच्या गुडघ्यांवर सांडलं. तो एकदा डावा डोळा मिटायचा, एकदा उजवा, आणि दर वेळी म्हणायचा, "दिसतंय. दिसतंय की." तालमीतला गडी, ताई, पण आवाज लहान मुलासारखा. मी कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन रडून घेतलं. कुणी विचारलं असतं तर साबण म्हणून सांगणार होतो, पण सगळेच कानिफनाथपाशी होते.

मॅडमनी त्या दिवशी काम थांबवलं आणि सगळ्या ग्राइंडरची चाकं तपासून घेतली. दोन बदलली. फुटलेला गॉगल कानिफनाथनं मागून घेतला आणि रुमालात बांधून घरी नेला. आता मला कुणाला सांगावं लागत नाही. उलट बन्सी जेवतानाही गॉगल काढत नाही आणि चांगुणाबाई परवा तशाच एसटीत बसून घरी गेल्या. तू म्हणशील, मग आता तरी हा निवांत असेल. कसला निवांत? बुधवारी मी आठव्यांदा त्याच्यापाशी गेलो नसतो तर? चाक गुरुवारऐवजी मंगळवारी फुटलं असतं तर? आणि कानांचं काय? परवापासून मी सगळ्यांच्या कानांकडे बघतोय. आवाज फार आहे गं आमच्याकडे.

असो. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. माईची, दाजींची आणि स्वतःची तब्येत सांभाळ. कापडात काही गुंडाळून पाठवलंच तर शेंगदाण्याची चटणी पाठव.

तुझा भाऊ,
थॉमस

ता. क. १ : टेम्पोवाल्याला दहा मिनिटं थांबवलंय. एक काम होतं. गॉगलच्या पट्ट्यांना आतून सुती कापड शिवून देशील का? घामानं मानेला काचतात. जुन्या धोतराचं चालेल. घाई नाही. खरं तर पट्ट्यांसाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

ता. क. २ : तो डोळे तपासणारा आला होता ना, त्यानं सगळ्यांबरोबर माझेही तपासले. डाव्या डोळ्याचा दाब जास्त निघाला. घरात कुणाला काचबिंदू होता का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, वडिलांना होता. ते कसे शेवटी दिवा बारीक झालाय म्हणत राहिले आणि आपण दर वेळी बल्ब बदलत राहिलो, तेही सांगितलं. तो म्हणाला, मोठ्या दवाखान्यात जाऊन पूर्ण तपासणी करा, वेळेवर कळलं तर थेंबांवर थांबतं, उशीर करू नका. याला आज बावीस दिवस झाले. एकतीस जणांच्या मागे लागलो आणि स्वतः गेलो नाही. एंजेलालाही सांगितलेलं नाही. भीती वाटते.

ता. क. ३ : शुक्रवारी सकाळच्या एसटीनं येशील का? माईला सांग, नगरला साडी बघायला चाललेय. तो म्हणाला होता की भावाबहिणींनीही तपासून घ्यायला हवं, तेव्हा आपण दोघांचे नंबर लावू. फक्त आत आधी तू जा. तू आत असलीस की तुझी पिशवी सांभाळत मला बाहेर बसावं लागेल, आणि मग पळून जाता येणार नाही.